चांगदेव बोलला ती धुळवड

"आत्याबाई, त्यांना विचारा, हा घोड्यावरचा बुवा कोण?"

पाटावर तांबडं फडकं अंथरलं होतं आणि त्यावर आगपेटीपेक्षा थोडा मोठा चांदीचा पत्रा ठेवला होता. माझा थोरला दीर, कारभारीदादा, तो सकाळीच तालुक्याच्या सोनाराकडून घेऊन आला होता. आमच्या नाशिककडच्या गावांत याला टाक म्हणतात. घरातला माणूस लढाईत पडला की त्याची मूर्ती अशा पत्र्यावर उठवायची, देव्हाऱ्यात देवांच्या रांगेला बसवायची आणि तिथून पुढं त्याला वीर म्हणायचं. धुळवडीच्या दिवशी घरोघरचे वीर वाजतगाजत नदीवर अंघोळीला जातात. हा नवा टाक माझ्या नवऱ्याचा होता. एकाहत्तरच्या लढाईत तो गेला, त्याला वर्ष उलटून गेलं होतं. पत्र्यावर मात्र भलताच कोणीतरी बसला होता. मिशा कानापर्यंत, तलवार उपसलेली, घोड्याचे पुढचे पाय हवेत.

दादा माझ्यापासून चार हातांवर होता, माझं बोलणं त्याला लख्ख ऐकू गेलं होतं. पण मधे सासू हवीच. थोरल्या दिरासमोर पदर ढळू द्यायचा नाही, त्याच्याशी तोंडानं बोलायचं नाही, चुकून अंगाला अंग लागलं तर अंघोळ करायची, अशी आमच्या घरची रीत. त्यामुळं आम्हा दोघांची भांडणं म्हातारीच्या मार्फत चालायची. ती बिचारी मान इकडून तिकडं करून थकायची.

"आई, सांग तिला, हा चांगदेव हाये. डोळे फुटले का तिचे?"

"आत्याबाई, त्यांना सांगा, वरातीला घोडं मागितलं तं परवडत नाय म्हणाले. नवरदेवाला बैलगाडीत बसवून आणला. आता मेल्यावर दिलं व्हय घोडं?"

चुलीपुढून माझी थोरली जाऊ, ठकूअक्का, "शिव शिव शिव" म्हणाली. म्हातारीनं टाकावरनं पदर फिरवला आणि डोळ्यांना लावला. दादानं माझ्याकडं असं पाहिलं की मधे म्हातारी नसती तर पाटच माझ्या डोक्यात घातला असता.

त्याच्या रागाचं कारण मला ठाऊक होतं. चांगदेव फौजेत होता हे सगळ्या गावाला माहीत होतं. फौजेत तो काय करायचा, हे फक्त आमच्या घराला माहीत होतं. तो लांगरी होता, म्हणजे पलटणीचा स्वयंपाकी. (तेव्हा नवऱ्याचं नाव तोंडून काढायची माझी प्राज्ञा नव्हती. आता सत्तरी ओलांडली, आता घेते. आणि मनातल्या मनात तर मी त्याला पहिल्यापासून अरेतुरेच करायची.) भरती व्हायला गेला तेव्हा छाती भरली नाही, म्हणून भांड्यांकडं घेतला. रजेवर आला की दोन दिवस गप्प बसायचा आणि तिसऱ्या दिवशी चुलीशी येऊन मला म्हणायचा, "सरक जरा." मग पुऱ्या तळायचा, त्या अशा टम्म फुगायच्या की इमल, आमची पोर, टाळ्या पिटायची. दादा ओसरीवरून ओरडायचा, "बायकांचे धंदे करायला गेला होता का रे सरकारच्या घरी?" चांगदेव हसायचा आणि पहिली पुरी त्यालाच नेऊन द्यायचा. दादा ती खायचा बरं का. खाऊन झाल्यावर पुन्हा शिव्या द्यायचा.

तो गेला कसा, तेही मला कळलं होतं. त्याच्या पलटणीतला सिन्नरकडचा एक जण सुटीवर आला तेव्हा वाट वाकडी करून आमच्याकडं येऊन गेला. पुढच्या खंदकातल्या पोरांना दोन दिवस गरम काही मिळालं नव्हतं. चहा कोण नेणार, तर चांगदेव किटली घेऊन निघाला. चहा पोचवला. परत येताना तोफेचा गोळा पडला. "वहिनी, त्याच्या हातचा शेवटचा चहा मी पिलोय," तो माणूस म्हणाला आणि लहान पोरासारखा रडला. दादानं त्याला एष्टीपर्यंत सोडलं आणि वाटेत बजावलं, गावात हे चहाचं कोणाला बोलू नका. संध्याकाळपर्यंत गावात बातमी फिरली की चांगदेवानं संगिनीनं सात जण कापले आणि मग पडला.

मला त्या सात जणांचा फार राग यायचा. किटली घेऊन तोफांखाली चालत गेला, तेवढं काय थोडं होतं? पण ते दादाला पुरेना.

देह गावी आला नाही. तिकडंच अग्नी दिला, असं कळवलं. माझं कुंकू पुसायला मात्र गावातल्या बायका कंबर कसून आल्या. त्यात अक्का सगळ्यांच्या पुढं होती.

आता खरं भांडण सांगते. टाकाचं निमित्त होतं, भांडण पोरीवरून होतं.

त्या थंडीत सैनिकांच्या कचेरीतून एक बाई जीपमधून आल्या होत्या. मी सातवी पास आहे हे कळल्यावर त्यांनी विचारलं, "नर्सच्या शिक्षणाला जाल का नाशिकला? राहायची सोय आहे, लहान मूल बरोबर ठेवता येतं." मी तिथंच हो म्हणाले. घरात कोणाला विचारायचं सुचलंच नाही. होळी झाली की हजर व्हायचं होतं. त्या साली पाऊस दगा देऊन गेला होता, गावच्या गाव रस्त्याच्या कामावर खडी फोडत होतं, मीही फोडत होते. हातोडा मारताना मी मनात नर्सबाईची पांढरी साडी नेसायची. दादानं ऐकलं तेव्हा आधी तो नाहीच म्हणाला. मग दोन दिवसांनी त्याचा सूर बदलला.

"आई, सांग तिला. जायचं तं जाऊ दे. पोरगी इथंच राहील. आपल्या थेट्यांच्या घराचं रक्त हाये ते, परक्याच्या दारात वाढायचं नाय."

"आत्याबाई, विचारा त्यांना, मी परकी कधीपासून झाले?"

"उंबऱ्याबाहेर पाय पडला की परकीच."

दादाचं गणित सरळ होतं. पोरगी त्याच्या दारात राहिली तर चांगदेवाच्या वाट्याच्या वावराचं नाव कोणी काढणार नव्हतं. पण म्हातारीचं तसं नव्हतं, हेही मला सांगितलंच पाहिजे. इमलचं कपाळ, तिचे जरासे फाकलेले कान, हसताना एक डोळा बारीक करायची खोड, सगळं चांगदेवाचं. म्हातारी तिला मांडीवर घेऊन बसायची आणि तिचे कान कुरवाळायची. दादाला मी तोडून टाकलं असतं. म्हातारीला कसं तोडणार?

चार जाणती माणसं ओसरीवर बसवली. दादानं बाजू मांडली, मी दाराआडून मांडली. माणसं खाली बघत तंबाखू मळत राहिली. फौजीच्या बायकोवर जबरदस्ती केली असं नको व्हायला, आणि कारभारीशी वाकडंही नको. तेव्हा म्हातारी बोलली.

"तुम्ही कशाला डोकी फोडता? ज्याची पोर त्यालाच विचारा. धुळवडीला वीर येईल तवा तोच सांगल."

सगळ्यांना एकदम सुटल्यासारखं झालं. गावात हे नवं नव्हतं. धुळवडीला ज्याच्या हातात टाक असतो त्याच्या अंगात वीर येतो, घुमतो, आणि लोक त्याला अडलंनडलं विचारतात. विहीर कुठं खणू, बैल कोणी नेला, पोरीचं कुठं जमेल. त्या चौघांतल्या रावबा भगतानं तिथंच सांगून टाकलं, "वीर बोलंल ते दोघांनी मानायचं." दाराआडून मी काही म्हणायच्या आत माणसं उठलीसुद्धा.

आणि चांगदेवाचा टाक हातात घेणार कोण? पोरगा नाही, म्हणजे भाऊ. कारभारीदादा. मी दाराच्या फटीतून त्याचं तोंड पाहिलं. तो धोतर झटकत उभा राहिला आणि मिशीत हसला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

रात्री मी अक्काला म्हणाले, "अक्का, तुला दोन पोरं हायेत. माझी एक कशाला घेता?"

"मी कुढं घेऊ ऱ्हायली? वीर काय म्हणंल ते."

"वीर काय म्हणंल ते तुला नाय माहीत?"

"देवाधर्माचं नाव घेऊन वंगाळ बोलू नको," ती म्हणाली आणि तोंड फिरवून झोपली. खोटं बोलताना तिला नेहमी झोप यायची.

मी ट्रंक भरून ठेवली होती. वीर काहीही बोलो, दुसऱ्या दिवशी पोरीला उचलून पहाटेच्या एष्टीनं पळायचं, असं मी मनाशी ठरवलं होतं. तेही त्यांनी ओळखलं असावं. धुळवडीच्या सकाळी अक्कानं इमलला न्हाऊ घातलं, नवं झबलं घातलं आणि दिवसभर बोट सोडलं नाही. मी जवळ गेले की ती पोरीला कडेवर घ्यायची.

दुपार कलली तशी हलगी वाजायला लागली. एकेका घरातून वीर बाहेर पडले. डोक्याला फेटा, कपाळाला मुंडावळ्या, गळ्यात लिंबाच्या पाल्याची माळ, उजव्या हातात तांबड्या फडक्यावर टाक आणि नारळ. बाकीचे वीर जुने होते, कोणाचा पणजा, कोणाचा खापरपणजा, त्यांची तोंडं कोणी पाहिली नव्हती. ते आपले रिवाजापुरते डुलायचे. पण चांगदेवाबरोबर अर्धं गाव शाळेत गेलं होतं, विहिरीत उड्या मारल्या होत्या. त्यामुळं सगळी गर्दी दादाभोवती होती. दादा मोठा ऐटीत चालला होता. लग्न सोडलं तर त्याला जन्मात पहिल्यांदाच कोणी हार घातला होता.

नदी कोरडीठाक होती. पोरांनी वाळूत खड्डा खणून ठेवला होता, त्यात गुडघाभर गढूळ पाणी साचलं होतं. एकेका टाकाला त्यातलं तांब्याभर पाणी मिळालं. आम्ही बाया वरच्या अंगाला वाळूत उभ्या होतो. म्हातारीला धरून मी उभी होते. चार बायांच्या पलीकडं अक्का इमलला कडेवर घेऊन.

चांगदेवाच्या टाकावर पाणी पडलं आणि दादा थरथरला. मग घुमायला लागला. हलगी चढली. फेटा सुटला, मुंडावळ्या तुटल्या, मान गरागरा फिरायला लागली. मी मनात म्हणाले, कर बाबा नाटक, कर.

"कोण आलं?" रावबा भगतानं विचारलं.

दादा हळूहळू थांबला. मान खाली. छाती वरखाली होत होती. आणि मग तो बोलला.

"आई."

म्हातारीनं माझ्या दंडात नखं रुतवली. कारण तो आवाज दादाचा नव्हता. दादा कायम ओरडून बोलायचा, बैलांशीही आणि माणसांशीही. त्याचा आवाज हलका झाला की कसा लागतो, हे आम्हाला कोणाला माहीतच नव्हतं. दोघा भावांना बापाचा एकच गळा मिळाला होता. हा आवाज चांगदेवाचा होता.

"चांगदेवा! बरा हायेस का रे लेकरा?" म्हातारी ओरडली.

"आई, लई थंडी हाये गं तिकडं."

म्हातारी मटकन वाळूत बसली आणि तिनं टाहो फोडला. आजूबाजूच्या बायकाही रडायला लागल्या. भगतानं हात वर करून हलगी थांबवली.

"चांगदेवा, तुझी काय इच्छा हाये? तुझ्या पोरीचं काय करायचं?"

"माझी इमल घरातच राहू द्या. दादाच्या दारात. तिला कुढं धाडू नका."

"आन् तुझी बायको? ती तं जायचं म्हणू ऱ्हायली."

"तिला जायचं तं जाऊ द्या. पोर राहील."

"तुझ्या तोंडानं सांग तिला."

त्यानं मान वर केली. कपाळावर कुंकू आणि गढूळ पाणी ओघळलं होतं, केस डोळ्यांवर आले होते. ऊन मावळतीला गेलेलं, त्याच्या पाठीमागून येत होतं, तोंड नीट दिसत नव्हतं.

"द्वारका," तो म्हणाला. "मी तुझा धनी बोलू ऱ्हायलो. ऐकशील ना माझं?"

"ऐकीन," मी म्हणाले.

थोरल्या दिराशी मी आयुष्यात पहिल्यांदा तोंडानं बोलले. लोकांनी सुस्कारा सोडला. मिटलं, असं कोणीतरी म्हणालं. भगत दादाच्या हातातला नारळ घ्यायला पुढं झाला.

मी म्हातारीचा हात सोडवला आणि वाळूतून खाली गेले. बायांनी वाट दिली, पुरुषांनीही दिली. त्यांना वाटलं, पाया पडायला चालली. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. डोक्यावरचा पदर कधी पडला, मला कळलं नाही. मी त्याचा टाक नसलेला हात धरला, डावा, मनगटाशी.

"ऐकीन की," मी म्हणाले. "सगळं ऐकीन. पण हे इढं नदीत उभं राहून कशाला? घरी चला."

लांब कुठंतरी एक पोरगं फिस्सकन हसलं.

"चला ना. किती दिवस झाले. पोरगी रोज विचारती. आपल्या खोलीत चला, मी सारवून ठेवली हाये."

"सोड," तो म्हणाला. अजून त्याच हलक्या आवाजात.

"आता नाय सोडायची. मागच्या खेपेला एष्टीत बसवून दिलं ते दिलं. कोण काय म्हणंल ते म्हणू द्या. तुम्ही माझे धनी हायेत, आत्ताच सगळ्या गावानं ऐकलं." आणि मी त्याला ओढत चालायला लागले.

तो चारसहा पावलं आलासुद्धा. काय करावं त्याला सुचत नव्हतं. टाक हातात असताना हिसडा मारावा तर वीर बायकोला झिडकारतो असं दिसणार. आणि यावं तर कुठं यावं? गर्दी फाकून वाट देत होती. बायकांनी तोंडाला पदर लावले होते.

तेवढ्यात वरून किंकाळी आली.

"अगं सोड! सोड मेले! नवरा हाये तो माझा!"

अक्का इमलला वाळूत ठेवून धावत आली आणि तिनं त्याचा दुसरा हात धरला. टाक खाली पडला. नारळ घरंगळत खड्ड्यात गेला.

"ठकूबाई, दूर हो!" भगत ओरडला. "अंगात वीर हाये, शिवू नको!"

"वीर गेला खड्ड्यात! ही बया माझा नवरा तिच्या खोलीत घेऊन चालली आन् तुम्ही सगळे दात काढू ऱ्हायले? अहो कारभारी! बोला ना! दातखीळ बसली का?"

गावादेखत तिनं नवऱ्याचं नाव घेतलं. आता लोकांना आवरेना. दादा दोन बायकांच्या मधे ताणला गेला होता, एक इकडं ओढत होती, एक तिकडं. आणि मग त्याचा तो नेहमीचा, बैलांवर ओरडायचा आवाज फुटला.

"सोड द्वारका! मी कारभारी हाये! चांगदेव नाय मी, कारभारी हाये!"

मी हात सोडला.

नदीच्या काठापासून काठापर्यंत हसू पसरलं. माणसं मांड्या थोपटून हसत होती, हलगीवाले हलग्या टाकून बसले होते. ओसरीवर तंबाखू मळणाऱ्यांपैकी एका म्हाताऱ्यानं डोळे पुसत विचारलं, "कारभारी, तू कारभारी, तं मंग मघाधरनं बोलत कोण होतं रे?" पुन्हा हशा. रावबा भगत खड्ड्यातला नारळ शोधण्याच्या निमित्तानं खाली वाकला, तो बराच वेळ वर आला नाही.

फक्त म्हातारी हसत नव्हती. ती वाळूतून उठली, चालत आली आणि दादासमोर उभी राहिली. लोक हळूहळू गप्प झाले.

"थंडी वाजती म्हणालास," ती म्हणाली. "मला म्हणालास तू. आई, लई थंडी हाये."

"आई, मी..."

"त्याचा आवाज काढलास? माझ्यासमोर?"

म्हातारीनं हात उगारला, पण मारलं नाही. हात तसाच खाली आला. तिनं वाकून टाक उचलला, पदरानं वाळू पुसली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "जा. पोर घेऊन जा तुझी."

दुसऱ्या दिवशी मी इमलला घेऊन एष्टीत बसले. अडवायला कोणी आलं नाही. दादा घराबाहेरच पडला नाही, पुढं कित्येक दिवस पडत नव्हता म्हणे. गावातली पोरं त्याला बघून "घरी चला ना" असं बारीक आवाजात ओरडायची. अक्का माझ्याशी मरेपर्यंत बोलली नाही. म्हातारी मात्र दर दिवाळीला नाशिकला यायची, पोरीचे कान कुरवाळायची आणि परत जायची. त्या दिवसाचं तिनं कधी काही काढलं नाही. मीही नाही.

मी नर्स झाले. चार तालुक्यांतल्या बायकांची बाळंतपणं केली. इमल माझ्याजवळ वाढली, शिकली, आज तिची सूनसुद्धा शिकलेली आहे. आणि ही गोष्ट आमच्या घराण्यात अजून सांगतात. लग्नकार्यात जेवणं झाली की कोणीतरी म्हणतंच, "आजी, ते वीराचं सांगा." मी सांगते. दादाचा आवाज काढते, अक्काची किंकाळी काढते, लोक हसून लोळतात. मग कोणीतरी म्हणतं, काय डोकं चालवलं हो आजींनी, नाटक्याला त्याच्याच नाटकात पकडलं. इमल तर माझ्या पाठीवर हात ठेवून अभिमानानं सांगते, "आमच्या आईची बुद्धी!" मी मान हलवते.

डोकंबिकं मी काही चालवलं नव्हतं. एवढं मी अजून कोणाला सांगितलेलं नाही, इमललासुद्धा नाही. मी त्याचं मेलेलं तोंड पाहिलं नव्हतं. आगीला दिलेलं पाहिलं नव्हतं. कोणीतरी येऊन सांगितलं आणि मी मानलं, एवढंच. नदीत तो आवाज आला, त्यानं माझं नाव घेतलं, आणि मला वाटलं, आला. कसा आला, कोणाच्या अंगात आला, ते मी बघितलं नाही. पोर कोणाकडं राहणार, दादानं काय डाव टाकलाय, त्यातलं काहीएक माझ्या मनात उरलं नव्हतं. ती किंकाळी आली नसती तर मी त्याला तसाच धरून गावातून नेला असता. त्या चारसहा पावलांत मला एकच घोर होता. घरात रेशनच्या तांबड्या मिलो ज्वारीचं पीठ ओंजळभरच उरलं होतं, आणि एवढ्या लांबून आलेल्या माणसाला तेवढ्यात दोन भाकरी तरी होतील का, हे मी मोजत होते.